हिमवितळण आणि सरोवरांची उन्हाळी पातळी

डोंगरांवर हिवाळ्यात साचलेले हिम वसंत ऋतूपासून वितळते व ते पाणी ओढ्यानाल्यांतून, काही जमिनीत मुरून झऱ्यांवाटे, सरोवरात येते. त्यामुळे अशा सरोवरांची भरती उन्हाळ्यात येते. आल्प्समधून येणाऱ्या ऱ्हाईन नदीवर पोसलेले कॉन्स्टन्स सरोवर फेब्रुवारीच्या सुमारास सर्वांत खाली आणि जून-जुलैत सर्वांत वर असते. वितळणे इतके लांबते याचे कारण बर्फाला लागणारी उष्णता : १ किलो बर्फाचे पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात, तेवढ्यात तेच पाणी पुढे सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापेल.

हिम किती फूट साचले, यावरून पाण्याचा अंदाज बांधता येत नाही. ताज्या, भुसभुशीत हिमाच्या १० सेंमी. थरातून जेमतेम १ सेंमी. पाणी निघते, वसंतात दबून जड झालेल्या तेवढ्याच थरातून ३ ते ५ सेंमी. म्हणून हिमाची जलतुल्यता, म्हणजे ते वितळल्यावर किती खोल पाणी होईल हे, मोजतात. अमेरिकेत नेवाडा विद्यापीठातील जेम्स चर्च यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी माउंट रोझ पर्वतावर यासाठी एक नळी वापरात आणली. हे गृहस्थ शिकवत ग्रीक-लॅटिन! दातेरी तोंडाची ही पोकळ नळी फिरवत फिरवत जमिनीपर्यंत उतरवायची, आतल्या हिमासकट वर काढून काट्याला लटकवायची आणि रिकाम्या नळीचे वजन वजा करायचे. या मोजणीवरून जवळचे टाहो सरोवर किती चढेल हे आधीच सांगता येऊ लागले. तेथील धरण नैसर्गिक उंबऱ्यावरचे (सरोवरातून पाणी बाहेर पडते त्या तोंडाच्या कडेवरचे) फक्त ६.१ फूट पाणी अडवते. दरवाजे लवकर उघडले तर पुढे टंचाई, उशिरा उघडले तर काठ पाण्याखाली. त्यामुळे किनाऱ्यावरचे लोक आणि नदीच्या खालच्या भागातले लोक यांच्यात तंटे होते.

हिम भरपूर असूनही सरोवर न चढण्याचे प्रसंग येतात. आदल्या वर्षी कोरडी पडलेली माती आधी स्वतः पाणी पिते. काही हिम न वितळताच थेट वाफ होऊन जाते. पाणलोटाचा आकारही पाहावा लागतो. सरोवराच्या पाचपट जमिनीवर ३० सेंमी. पाण्याइतके हिम असले आणि त्यातले निम्मे पोचले, तर पातळी ७५ सेंमी. चढेल, जमीन सरोवराएवढीच असेल तर अवघी १५ सेंमी.

हिम संपल्यावर बाष्पीभवन व विसर्ग यांमुळे पातळी उतरते. वितळणे महिनाभर आधी उरकले, की ही उतरण लांबते. सलग कमी हिमाच्या वर्षांनंतर, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, टाहो उंबऱ्याखाली गेले आणि ट्रकी नदीला सरोवरातून येणारे पाणी थांबले.