अहवालाकडून प्रस्तावाकडे : नवमाध्यमांच्या वर्गात हे लेखन कुठून आलं

बारावीच्या मराठी युवकभारतीत उपयोजित मराठीचा भाग आहे. त्यात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख येतात. चारही प्रकार कामाचे आहेत. पण चारही ठिकाणी गोष्ट आधीच घडलेली किंवा उभी असते: कार्यक्रम पार पडलेला असतो, संस्था चालू असते, पाहुणा समोर बसलेला असतो. जे अजून नाही, ते का असावं हे दुसऱ्याला पटवून देणारं लेखन मुलांच्या हातून कधी झालेलंच नसतं. त्यामुळे जनसंवादाच्या वर्गात ‘नव्या माध्यम-उत्पादनाचा प्रस्ताव लिहा’ म्हटलं की चांगली लिहिणारी मुलंही अडखळतात. ‘शेतकऱ्यांसाठी ॲप’ अशी एक ओळ येते आणि पुढची दोन पानं त्या ॲपमधल्या बटणांची असतात. मी हा विषय शिकवतो, आणि ही दोन पानं दरवर्षी वाचतो.

हे अडखळणं फक्त विद्यार्थ्यांचं नाही. मोठमोठ्या माध्यमसमूहांनी नेमकी हीच चूक फार महागात केलेली आहे. अमेरिकेतल्या नाइट-रिडर या वृत्तपत्रसमूहाने 1983 मध्ये दक्षिण फ्लोरिडात ‘व्ह्यूट्रॉन’ सुरू केलं. घरचा टीव्ही टेलिफोनच्या तारेला जोडायचा आणि पडद्यावर बातम्या, बँकेचे व्यवहार, खरेदी, सगळं मिळवायचं. इंटरनेट घराघरांत पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तंत्र चालत होतं. पण रोज सकाळी दारात पेपर पडत असताना तीच बातमी पडद्यावर सावकाश उमटताना बघायला पैसे कुणी आणि का मोजावेत, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मार्च 1986 मध्ये सेवा बंद झाली, तोवर सुमारे 5 कोटी डॉलर बुडाले होते.

प्रस्तावाला कोणते प्रश्न विचारायचे, याची शिस्त पत्रकारितेतून आलीच नाही. ती अभियंत्यांकडून आली. जॉर्ज हाइलमायर हे द्रवस्फटिक पडद्याच्या, म्हणजे आजच्या एलसीडीच्या, आद्य संशोधकांपैकी एक. 1975 ते 1977 या काळात ते अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधनसंस्थेचे संचालक होते. पैसे मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ठरावीक प्रश्न विचारत. तुम्हाला काय करायचंय, ते एकही अवघड पारिभाषिक शब्द न वापरता सांगा. आज हे काम कसं होतं आणि ते कुठे अडतं? तुमच्या पद्धतीत नवं काय? ते जमलं तर फरक कुणाला पडेल? धोके कोणते, खर्च किती, वेळ किती? आणि काम नीट चाललंय हे मध्यावर आणि शेवटी कसं तपासायचं? या यादीत ‘तुमचं तंत्र किती आधुनिक आहे’ असा प्रश्न नाही. मुलांना मी ही यादी फळ्यावर लिहून देतो आणि वर्षभर पुसत नाही.

पण वर्गात सगळ्यात जास्त वेळ मी एका दस्तऐवजाला देतो. मार्च 1989 मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या वरिष्ठांना एक प्रस्ताव दिला. त्याचं शीर्षक अगदी रुक्ष होतं: ‘माहितीचं व्यवस्थापन : एक प्रस्ताव’. आज आपण ज्याला वेब म्हणतो त्याचा हा पहिला कागद. पण जग बदलण्याची भाषा त्यात नाही. सुरुवात होते ती एका कार्यालयीन अडचणीने. सर्नमध्ये हजारो माणसं काम करतात, बरेच जण साधारण दोन वर्षं राहतात आणि निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाते. मग नव्या माणसाला पडणारे प्रश्न येतात: हा भाग कुठे कुठे वापरलाय? हा प्रोग्रॅम कुणी लिहिला, आणि तो माणूस कुठे बसतो? या प्रकल्पात कोणत्या प्रयोगशाळा आहेत? वाचणाऱ्या साहेबांनी त्याच आठवड्यात यातला एखादा प्रश्न स्वतः कुणाला तरी विचारला असेल. अडचण वाचणाऱ्याच्या ओळखीची झाल्यावर मग दुव्यांनी जोडलेल्या मजकुराची कल्पना येते.

त्या प्रस्तावात आणखी एक सुंदर भाग आहे: काय करायचं नाही, याचा. स्वामित्वहक्क आणि माहितीची सुरक्षितता या गोष्टी सर्नमध्ये दुय्यम आहेत, कारण इथे गुप्ततेपेक्षा देवाणघेवाण महत्त्वाची, असं तिथे सरळ म्हटलंय. मागणीही लहान आहे: पहिल्या टप्प्याला दोन माणसं आणि सहा ते बारा महिने.

वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्या कागदाच्या डोक्यावर शेरा मारला: ‘अस्पष्ट, पण उत्सुकता वाढवणारं’. रीतसर मंजुरी मिळाली नाही. 1990 च्या मे महिन्यात तोच प्रस्ताव पुन्हा फिरवला गेला, त्यानंतर सेंडल यांनी नेक्स्ट कंपनीचा एक संगणक घ्यायला परवानगी दिली. नोव्हेंबर 1990 मध्ये सर्नमधले सहकारी रॉबर्ट कायो यांच्यासह दुसरा, नेटका प्रस्ताव तयार झाला. त्यात टप्पे ठरलेले होते, माणसं मोजलेली होती. पहिला खर्डा परत आला म्हणून हिरमुसलेल्या मुलांना हा भाग सांगावाच लागतो.

पत्रकारितेच्या वर्गात प्रस्ताव आला तो यानंतर दीड दशकाने, आणि तो बक्षिसाच्या रकमेमुळे आला. पत्रकारितेला निधी देणाऱ्या नाइट फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने ‘नाइट न्यूज चॅलेंज’ नावाची स्पर्धा सुरू केली, तिचे पहिले विजेते 2007 मध्ये जाहीर झाले. पाच वर्षांत अडीच कोटी डॉलर वाटायचे होते. अट अशी की डिजिटल साधन वापरायचं, त्याचा संगणकीय कोड सर्वांना खुला ठेवायचा आणि एका ठरावीक भूभागातल्या लोकांच्या उपयोगी पडायचं. ही तिसरी अट मला फार मोलाची वाटते. एड्रियन होलोव्हाटी यांच्या ‘एव्हरीब्लॉक’ या संकेतस्थळाला 11 लाख डॉलर मिळाले, ते आपल्या घराभोवतीच्या गल्ल्यांत काय घडतंय एवढंच सांगण्यासाठी. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या पत्रकारिता विभागात जेफ जार्व्हिस यांनी माध्यम-उद्योजकतेचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथे विद्यार्थी आपली योजना बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे मांडत. 2010 मध्ये तिथेच याच विषयाचं टो-नाइट केंद्र उभं राहिलं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर लांब जावं लागत नाही. 2007 मध्ये ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा महाराष्ट्रात सुरू झाली. बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठी एसएमएसने येई. कागदावर यापेक्षा चांगला प्रस्ताव शोधून सापडणार नाही: माणूस ठरलेला, भाषा त्याची, यंत्र त्याच्या खिशात आधीच असलेलं. मार्सेल फॅफशांप आणि बार्ट मिंटन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या 100 गावांत याची पद्धतशीर चाचणी घेतली. काही शेतकऱ्यांना वर्षभराची सेवा फुकट दिली, काहींना नाही. 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या भावात सरासरी लक्षणीय फरक आढळला नाही.

हा निकाल मी वर्गात वाचून दाखवतो तेव्हा शांतता पसरते. माझं स्वतःचं मत असं की भाव कळणं ही अडचणीची एक बाजू झाली. माल भरलेला टेम्पो, अडत्याकडून घेतलेली उचल, नासणारा टोमॅटो, दुसऱ्या बाजार समितीपर्यंतचं भाडं, या बाजू एसएमएसमध्ये मावत नाहीत. म्हणून ‘फायदा’ या मथळ्याखाली काय लिहायचं आणि ते कसं मोजायचं, यावर आम्ही दोन आठवडे घालवतो.

याच्या शेजारी 2010 साली छत्तीसगडमध्ये सुरू झालेलं ‘सीजीनेट स्वर’ ठेवलं की मुलांना फरक लगेच दिसतो. शुभ्रांशु चौधरी यांच्यासमोरची अडचण अशी होती की गोंडी बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत बातमी मिळत नव्हती आणि त्यांचं म्हणणंही कुणापर्यंत जात नव्हतं. उपाय साध्या फोनचा: मिस्ड कॉल द्यायचा, यंत्रणा उलटा फोन करते, आपलं म्हणणं बोलून ठेवायचं, तपासणी झाली की इतरांना ते फोनवर ऐकता येतं. गडचिरोलीतही गोंडी बोलली जाते, त्यामुळे आमच्या मुलांना हे परकं वाटत नाही.

2017 पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ या केंद्र सरकारच्या विद्यार्थी-स्पर्धेमुळे प्रस्ताव हा शब्द अभियांत्रिकी महाविद्यालयांत घरोघरचा झाला. सहा जणांचा गट, त्यात किमान एक मुलगी, आणि मंत्रालयांनी दिलेली समस्या. संधी मोठी आहे. पण समस्या तयार मिळते, आणि ती शोधण्याची मेहनत तेवढी राहून जाते. माध्यमांच्या विद्यार्थ्याला नेमकी तीच शिकायची असते.

यंदा एका विद्यार्थिनीच्या खर्ड्याचं पहिलं वाक्य होतं: ‘माझ्या आत्याला कांद्याचा भाव कळतो, पण टेम्पो भरून झाल्यावर.’ खर्डा दोनदा परत गेला. आता त्यात दोन गावं आहेत, एक पीक आहे, सहा आठवडे आहेत, आणि शेवटी ‘आम्ही काय करणार नाही’ अशी पाच ओळींची यादी आहे. त्या यादीतली पहिली नोंद आहे ‘ॲप’.