मोलिनिया की नार्डस? एकाच डोंगरावरची दोन गवतं

ऐन हिवाळ्यात वेल्सच्या केंब्रियन डोंगरांत चालायला गेलात, तर उतारच्या उतार वाळक्या पेंढ्याच्या रंगाचे दिसतात. लांबून वाटतं, सगळं एकच गवत. जवळ गेलं की त्यात बहुतेकदा दोन निघतात: मोलिनिया सेरुलिया आणि नार्डस स्ट्रिक्टा. दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही ठोंबांनी वाढणारी, आणि दोघांनाही आम्लधर्मी, निकस जमीन चालते. तिथल्या सततच्या पावसानं मातीतला चुना धुऊन जातो आणि गारठ्यात नीट न कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर साचतो, त्याला पीट म्हणतात. कोकणातल्या जांभ्या मातीचा सामूही (pH, आम्लतेचं माप) पावसानं असाच उतरतो, पण तिथल्या उष्णतेत पीट साचत नाही.

ओळखायचं असेल तर आधी पान बोटांत धरावं. मोलिनियाचं पान चपटं, रुंद, निळसर हिरवं असतं. नार्डसचं पान गुंडाळलेलं, तारेसारखं ताठ. पान जिथे खोडापासून सुटतं तिथे भिंगातून पाहिलं, तर मोलिनियाला केसांची झालर दिसते आणि नार्डसला आखूड पातळ पापुद्रा. फुलोऱ्यात तर घोटाळ्याला जागाच नाही. मोलिनियाचा तुरा जांभळट असतो आणि कधीकधी कमरेच्या वर जातो. नार्डसचं बारीक कणीस जेमतेम वीत-दोन वीत उंच, दाणे एकाच बाजूला, फणीच्या दातांसारखे.

मला सगळ्यात आवडते ती मोलिनियाची काडी. ज्वारीच्या ताटावरून बोटं फिरवली की पेरं लागतात. इथे एकही लागत नाही, कारण पेर असतं ते अगदी बुडाशी. अशा सरळ, गुळगुळीत काडीनं जर्मनीत लांब चिलमी साफ करत, म्हणून तिथे या गवताचं नावच चिलमीचं गवत असं पडलं.

नावांची गंमत दोन्हीकडे आहे. मोलिनिया हे नाव चिलीचे जेझुइट निसर्गअभ्यासक हुआन इग्नासिओ मोलिना (1740–1829) यांच्यावरून आलं, गवत मात्र चिलीचं नाही. नार्डस हा शब्द ग्रीकांनी जटामांसीसाठी वापरला आणि त्याचं मूळ संस्कृत 'नलद' या शब्दात मानलं जातं. म्हणजे हिमालयातल्या सुगंधी मुळाचं नाव युरोपातल्या बिनवासाच्या गवताला मिळालं.

खरा फरक मात्र ती जमिनीबद्दल काय सांगतात यात आहे, आणि तो कळला नाही तर ती हटवण्याचा उपाय चुकतो. मोलिनियाला ओल लागते, त्यातही साचलेल्या पाण्यापेक्षा झिरपत वाहणारं पाणी अधिक मानवतं. शरद ऋतूत ते पानांतलं नत्र आणि स्फुरद बुडातल्या फुगीर भागात परत ओढून घेतं आणि मग पानं गाळून टाकतं. गळालेली पानं वाऱ्यानं उडून कुंपणांना ढिगानं अडकतात. पुंजी अशी जमिनीलगत जपलेली असल्यामुळे हिवाळ्यात माळ पेटवला तरी नंतर हेच गवत जोमानं उठतं. म्हणून आगीनं मोलिनिया हटवू पाहणं म्हणजे त्याला जागा करून देणं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पानं कोवळी असताना, गुरं चारणं हा त्यावरचा जुना उतारा. आल्प्सच्या पायथ्याला तर हे गवत शरदात कापून गोठ्यात अंथरतात.

नार्डस तुलनेनं कोरड्या, उथळ मातीवर असतो आणि त्याच्या पसरण्यामागे बऱ्याचदा मेंढ्या असतात. त्या गोड गवत वेचून खातात आणि हे तारेसारखं पान टाळतात. दरवर्षी तेच झालं की माळावर नार्डसच उरतो. आपल्याकडे अतिचराईनं मारवेलसारखं चांगलं चाऱ्याचं गवत मागे पडून कुसळी माजते, त्याचंच हे थंड प्रदेशातलं भावंड. इथे मेंढ्या कमी करून गायी किंवा घोडे सोडले तर फरक पडतो, कारण ते इतके चोखंदळ नसतात.

कधीकधी मेंढी चुकून नार्डस ओढते, ठोंब मुळासकट उपटून येतो आणि ती तो तसाच टाकून देते. डोंगरावर असे पांढरे पडलेले झुबके विखुरलेले दिसले, की ती जागा नार्डसची आहे हे वाकून पान न तपासताही कळतं.