दुधी बाटली, पिवळी बाटली

खडीसाखरेचा खडा उजेडात धरला तर आरपार दिसतं. तोच मिक्सरमधून काढला की पांढरीशुभ्र पिठी होते. साखर तीच, पण आता उजेडाला असंख्य पृष्ठभाग ओलांडावे लागतात आणि दर ठिकाणी तो थोडा वाकतो, थोडा मागे फिरतो. पाण्याच्या बाटल्या धुऊन, दळून केलेल्या फ्लेक्सचा, म्हणजे बारीक तुकड्यांचा, ढीग पांढुरका दिसतो तो याच कारणाने. त्यावरून माल खराब ठरवू नये.

पुनर्वापराच्या प्लॅस्टिकबद्दल ‘स्वच्छ दिसत नाही’ अशी तक्रार आली की आधी विचारावं: दुधी दिसतं की पिवळं? दुधी म्हणजे उजेड विखुरतोय, पिवळं म्हणजे त्यातला निळा भाग गिळला जातोय. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. दुधीपणातही दोष वरचा की आतला, हे ओळखायला खोबरेल तेलाचा थेंब पुरतो. तेल लावल्यावर डाग नाहीसा झाला तर तो नुसता ओरखड्यांचा. साचा किंवा हाताळणी सुधारा. तसाच राहिला तर दोष पोटात आहे.

बाटलीचं पीईटी हे या बाबतीत मोठं गमतीचं प्लॅस्टिक. वितळलेला रस झटकन थंड केला तर रेणूंच्या साखळ्या विस्कळीत अवस्थेतच गोठतात आणि काचेसारखा पारदर्शक माल मिळतो. सावकाश थंड केला तर त्या शिस्तीत रचल्या जातात, स्फटिकांचे गोळे उजेडाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे होतात आणि माल दुधी होतो. हे स्फटिक सर्वांत वेगाने वाढतात ते १७० अंश सेल्सियसच्या आसपास. म्हणून २८० अंशांचा रस ज्या साच्यात जातो, त्याला साधारण १० अंशांच्या पाण्याने थंड ठेवतात. हे पाणी गार करणाऱ्या चिलरमधलं पाणी तापलं की प्रीफॉर्मच्या, म्हणजे फुगवून बाटली करायच्या आधीच्या जाड नळीच्या, बुडाशी, जिथे भिंत जाड असते, तिथे आधी धुकं उतरतं. फ्लेक्स वितळवून केलेला पुनर्वापराचा दाणा पोत्यात पांढरा दिसतो, त्याला मात्र घाबरायचं कारण नाही. तो मुद्दाम स्फटिकवलेला असतो, नाहीतर ड्रायरमध्ये दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ होईल. २५० अंशांच्या वर वितळला की तो पांढरेपणा पुसला जातो.

पुढे प्रीफॉर्म १०० अंशांच्या आसपास तापवून फुगवतात. ताणामुळे इथेही स्फटिक होतात, पण इतके बारीक की उजेडाला अडत नाहीत. प्रीफॉर्म जास्त तापला तर धुकं येतं. थंडच ताणला तर भिंतीत सूक्ष्म फटी पडून मोत्यासारखी चकाकी येते. दोन्ही पांढरेच, पण एकात तापमान उतरवायचं, दुसऱ्यात चढवायचं. इथे गल्लत झाली की शिफ्ट वाया जाते.

दुधीपणाचं दुसरं कारण भेसळ. पीईटीत नायलॉन किंवा पीएलए (वनस्पतींच्या साखरेपासून केलेलं प्लॅस्टिक) मिसळलं तर ते विरघळत नाही, बारीक थेंब बनून राहतं. थेंबाचा आणि भोवतालचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवण्याचं प्रमाण, वेगळा, म्हणजे पुन्हा पिठीसाखरच! यावर गाळणी चालत नाही, निवडच नीट करावी लागते.

आता पिवळेपणा. बहुतेक प्लॅस्टिकं मुळात रंगहीन असतात. त्यांचे इलेक्ट्रॉन बंधांत घट्ट अडकलेले, त्यामुळे ती फक्त अतिनील प्रकाश शोषतात. पण साखळीत एकआड एक दुहेरी बंधांची रांग तयार झाली की शोषण दिसणाऱ्या उजेडात सरकतं: आधी पिवळं, रांग लांबली की तांबूस, मग काळपट. पीव्हीसी तापल्यावर हेच होतं. वर त्यातून सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल पीईटीच्या साखळ्याही तोडतं. झाकणं पाण्यावर तरंगतात म्हणून सहज वेगळी होतात. पीव्हीसीची लेबलं मात्र पीईटीसारखीच बुडतात. १० किलो फ्लेक्समध्ये १ ग्रॅम पीव्हीसी राहिलं तरी काळे-पिवळे ठिपके येऊ शकतात.

उरलेला पिवळेपणा बहुतेक निष्काळजीपणाचा. ८०–८५ अंशांच्या पाण्यात दीड-दोन टक्के कॉस्टिक सोडा घालून धुतल्यावर लेबलाचा गोंद सुटतो, पण नंतर नीट खंगाळलं नाही तर राहिलेला गोंद आणि सोडा एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, रंग बिघडवतात. वाळवणं १६०–१७० अंशांच्या कोरड्या हवेत ४ ते ६ तास, ओलावा ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) खाली येईपर्यंत. कमी वाळलं तर पाणी साखळ्या तोडतं. रात्रभर तसंच तापत ठेवलं तर हवेतला ऑक्सिजन पिवळं करतो.

मग नीळ! पांढऱ्या कपड्यांना देतात तशीच. निळ्या रंगाचे काही पीपीएम पिवळ्याला मारतात, पण पिवळेपणा जात नाही, निळ्या-पिवळ्याच्या बेरजेत एकूण उजेड कमी होऊन बाटली राखाडी दिसते. म्हणून नुसता पिवळेपणाचा आकडा बघून माल पास करू नये, उजळपणाचा आकडाही मागावा.

हिरव्या बाटलीचं दुखणं याहून खोल. तो रंग प्लॅस्टिकमध्ये विरघळलेला असतो, धुऊन जात नाही. काढायचा तर साखळीच उसवावी लागते: एथिलीन ग्लायकॉल आणि थोडं झिंक ॲसिटेट घालून १९० अंशांच्या आसपास काही तास शिजवायचं, तयार झालेला घटक गरम पाण्यात विरघळवायचा, सक्रिय कोळशातून गाळायचा आणि थंड करायचा. पांढऱ्या सुया खाली बसतात. त्यांपासून पुन्हा नवं पीईटी बनतं. हे जमतं, पण स्वस्त नाही. त्यापेक्षा रंग मुळातच न घालणं सोपं. दक्षिण कोरियाने डिसेंबर २०१९पासून पेयांच्या रंगीत पीईटी बाटल्यांवर बंदी आणली, आणि स्प्राइटने २०२२मध्ये उत्तर अमेरिकेत आपली हिरवी बाटली सोडून पारदर्शक घेतली. जुन्या हिरव्या बाटल्यांच्या मात्र अनेकदा जड खोकी बांधायच्या पट्ट्या होतात. पट्टीतून आरपार बघायचं नसतं.