संपाने दिलं, एप्रिलने नेलं : माँट्रियल एक्स्पोजच्या १९९४ च्या हंगामामागची गोष्ट

११ ऑगस्ट १९९४ च्या रात्री मेजर लीगचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा, तक्ता असा होता : कॅनडातलं माँट्रियल एक्स्पोज ७४ विजय, ४० पराभव, त्याच विभागातलं अटलांटा ६८ आणि ४६. सहा सामन्यांची आघाडी. दोन्ही लीगमधल्या २८ संघांत याहून चांगला आकडा कुणाचाच नव्हता. दुसऱ्या दिवशी खेळाडू संपावर गेले आणि तक्ता तिथेच गोठला. सप्टेंबर नाही, प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) नाही, ऑक्टोबर नाही.

या हंगामाचा विषय निघाला की "संपाने संघ मारला" असं म्हणून लोक मोकळे होतात. सोयीचं वाक्य आहे, कारण त्यात दोषी कोण ते ठरवावं लागत नाही. पण याच संघाला आधी एकदा संपानेच हात दिला होता, आणि १९९४ चा संघ मोडला तो संप मिटल्यावर. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

फार मागे नाही. माँट्रियलला बेसबॉल नवा नव्हता. जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनला जाण्याआधी, १९४६ साली, इथल्याच मायनर लीगच्या (मेजरच्या खालच्या पायरीच्या) संघातून खेळला होता. एक्स्पोज आले १९६९ मध्ये, अमेरिकेबाहेरचा पहिला मेजर लीग संघ म्हणून. नाव घेतलं दोन वर्षांपूर्वीच्या जागतिक प्रदर्शनावरून. पहिली आठ वर्षं ते जॅरी पार्क नावाच्या आटोपशीर मैदानात खेळले. तिथे राइट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूच्या, पलीकडे सार्वजनिक पोहण्याचा तलाव होता आणि लांबचा होमरन (कुंपणापार गेलेला फटका) थेट पाण्यात पडायचा. १९७७ मध्ये संघ ऑलिम्पिक स्टेडियममध्ये गेला. काँक्रीटचं अवाढव्य भांडं, डोक्यावर कायम रखडलेलं छप्पर आणि शहराच्या मानेवर कर्ज. ते कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. तोवर तिथे खेळायला संघच उरला नव्हता.

आता १९८१. तेव्हाचा घोळ समजला नाही तर १९९४ चं दुःखही नीट कळत नाही.

त्या वर्षीचा संप जूनमध्ये सुरू झाला आणि खेळ पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. सातशेहून जास्त सामने बुडाले. मग हंगामाचे दोन तुकडे करायचं ठरलं. संप सुरू झाला त्या दिवशी जे संघ आपापल्या विभागात पुढे होते त्यांना "पहिल्या अर्ध्याचे विजेते" म्हणायचं, उरलेल्या सामन्यांतून दुसऱ्या अर्ध्याचे विजेते काढायचे आणि दोघांना झुंजवायचं. म्हणजे "आघाडीवर असणं" आणि "जिंकणं" या दोन वेगळ्या गोष्टी बैठकीच्या टेबलावर एक झाल्या. परिणाम विचित्र झाला. सिनसिनाटीचे ६६ विजय आणि ४२ पराभव, अख्ख्या बेसबॉलमध्ये सर्वोत्तम. तरी दोन्ही अर्ध्यांत दुसरे, म्हणून घरी. माँट्रियलच्या विभागात पूर्ण हंगामाचा हिशेब धरला तर सेंट लुइस पुढे होतं. पण दुसऱ्या अर्ध्यात ३० विजय आणि २३ पराभव करून एक्स्पोज आत शिरले. माँट्रियलच्या पूर्ण इतिहासातला हा एकमेव प्लेऑफ, आणि तो संपाच्या कृपेने मिळालेला.

त्यांनी फिलाडेल्फियाला पाच सामन्यांत हरवलं आणि लीगच्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिसविरुद्ध निर्णायक पाचव्या सामन्यापर्यंत आले. रविवारी पाऊस पडला, सामना सोमवारवर गेला. १९ ऑक्टोबर, बोचरी थंडी, धावसंख्या १-१. नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगला माँट्रियलच्या मॅनेजरने (प्रशिक्षकाने) रिलीव्हरऐवजी (उशिरा उतरणाऱ्या बदली पिचरऐवजी) एरवी सामना सुरू करणारा आपला सर्वांत भरवशाचा स्टार्टर पिचर (चेंडू टाकणारा) माउंडवर पाठवला. दोघं बाद झाल्यावर त्याच्या चेंडूवर सेंटर फील्डच्या कुंपणापार होमरन गेला. २-१. तिथले लोक तो दिवस "काळा सोमवार" असल्यासारखाच आठवतात, फक्त त्यांच्याकडे रंग निळा आहे, 'ब्लू मंडे', आणि होमरन मारणाऱ्याचं आडनावच मंडे, म्हणजे सोमवार, हे योगायोगाने जुळलेलं.

पुढचं दशक असंच, जवळ येऊन हुकणारं. १९९१ मध्ये मूळ मालकाने कंटाळून संघ विकला. सुमारे १० कोटी कॅनेडियन डॉलर जमवायला डझनभर भागीदारांची मोट बांधावी लागली आणि त्यात शहराचा व प्रांताचाही पैसा होता. मोट हाच शब्द बरोबर आहे, कारण हाकणारा एक आणि खिशात हात घालायला कुणीच तयार नाही, अशी पुढची सगळी कथा. त्याच सप्टेंबरात स्टेडियमचा ५५ टनांचा काँक्रीटचा तुकडा निखळून खाली पडला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, पण उरलेले घरचे सामने परगावी खेळावे लागले. शिवाय कमाई कॅनेडियन डॉलरमध्ये आणि पगार अमेरिकन डॉलरमध्ये. १९९४ च्या सुमारास कॅनेडियन डॉलरला सत्तरबहात्तर अमेरिकन सेंट मिळत होते. तिकीटविक्री कितीही झाली तरी पाव हिस्सा वाटेतच गळायचा.

अशा घरात १९९४ चा संघ उभा राहिला तो पैशाने नाही, पारखून. मे १९९२ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातला जुना खेळाडू मॅनेजर झाला; मेजर लीगमधला त्या देशाचा तो पहिलाच. लेफ्ट फील्डमध्ये त्याचा स्वतःचा मुलगा. राइट फील्डला ब्रिटिश कोलंबियातला कॅनेडियन, जो लहानपणी हॉकीचा गोलकीपर व्हायची स्वप्नं पाहत होता. सेंटर फील्डर याच संघाच्या मायनर लीगमधून वर आलेला. १९९३ मध्ये ९४ विजय मिळवूनही ते फिलाडेल्फियाच्या तीन सामने मागे राहिले. त्या नोव्हेंबरात त्यांनी आपला लोकप्रिय सेकंड बेसमन लॉस एंजेलिसला दिला आणि बदल्यात एक किडकिडीत रिलीफ पिचर घेतला. लोक भडकले. काटकसरीची आणखी एक चाल, असंच सगळ्यांना वाटलं. तो किडकिडीत पिचर म्हणजे पेद्रो मार्टिनेझ.

एप्रिल १९९४ मधली दोन दृश्यं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १३ तारखेला सिनसिनाटीविरुद्ध पेद्रोने आठव्या इनिंगपर्यंत एकालाही बेसवर येऊ दिलं नव्हतं. मग एक आतला चेंडू बॅटरला लागला. आता, परफेक्ट गेम, म्हणजे एकालाही बेसवर न येऊ देता जिंकलेला सामना, हातात असताना कुठला पिचर मुद्दाम कुणाला मारेल? पण त्याची ख्याती अशी की बॅटरला तसंच वाटलं, आणि तो बॅट टाकून थेट माउंडवर धावला. दुसरं दृश्य दहाबारा दिवसांनंतर लॉस एंजेलिसमधलं. राइट फील्डरने कडेचा फाउल झेलला, तिघं बाद झाले असं समजून चेंडू पहिल्या रांगेतल्या एका छोट्या मुलाला कौतुकाने दिला आणि डगआउटकडे वळला. बाद झाले होते दोनच. बेसवरचा धावपटू पळत सुटलेला पाहून बिचाऱ्याला मागे जाऊन त्या मुलाच्या हातातून चेंडू परत घ्यावा लागला. नंतर त्याला दुसरा चेंडू नेऊन दिला, आणि परक्या मैदानाने त्याला उभं राहून टाळ्या दिल्या.

खर्चाचा विचार करा : या संघाचा पूर्ण पगार सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर, लीगमध्ये खालून दुसरा. जून संपता संपता अटलांटा माँट्रियलला आलं तेव्हा स्टेडियममध्ये ४५ हजार माणसं होती. समोर त्या काळातला सर्वोत्तम पिचर, जो त्या वर्षी ९ इनिंगमागे दोनसुद्धा धावा देत नव्हता. माँट्रियलच्या एकवीस वर्षांच्या पोराने त्याला तीन धावांचा होमरन मारला. जुलैच्या मध्यापासून संप होईपर्यंतच्या शेवटच्या २३ सामन्यांत त्यांनी २० जिंकले.

आणि नेमकी इथेच लीगमधल्या संघमालकांची पंचाईत होती, हे फार कमी लिहिलं जातं. मालकांचं म्हणणं असं की पगार आवरले नाहीत तर लहान बाजारपेठेतले संघ कधीच टिकणार नाहीत, म्हणून पगाराला कमाल मर्यादा हवी. त्यासाठी माँट्रियलसारख्या शहरांची नावं पुढे केली जात होती. त्याच वेळी खालून दुसरा पगार असलेलं माँट्रियल सगळ्यांच्या पुढे पळत होतं.

मर्यादेचा प्रस्ताव जून १९९४ मध्ये आला : उत्पन्नाची निम्मी निम्मी वाटणी, पगाराच्या लवादाची पद्धत (वाद झाल्यास तिसऱ्याने पगाराचा आकडा ठरवायचा, ती) रद्द. खेळाडूंना हे मान्य होणं शक्य नव्हतं. ऐंशीच्या दशकात मालकांनी आपसात संगनमत करून करारातून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचे भाव पाडले होते आणि त्यापोटी २८ कोटी डॉलर भरायला लागले होते. ती जखम ताजी होती. राहिला प्रश्न, संप ऑगस्टमध्येच का. खेळाडूंचा पगार एप्रिल ते सप्टेंबर मिळतो, मालकांची मोठी कमाई ऑक्टोबरच्या टीव्हीवर. हंगाम शांतपणे संपू दिला असता तर हिवाळ्यात, खेळाडूंच्या हाती काहीच नसताना, मालकांनी बोलणी फिसकटल्याचं जाहीर करून आपल्या अटी लादल्या असत्या. अंदाज नाही हा : डिसेंबरात त्यांनी नेमकं तेच केलं. १ ऑगस्टला खेळाडूंच्या पेन्शन निधीचा हप्ताही त्यांनी भरला नव्हता. तरी आजही "खेळाडूंचा हावरटपणा" असंच म्हटलं जातं. संप करतो तो दिसतो. त्याला तिथवर ढकलणारा दिसत नाही. हे फक्त बेसबॉलपुरतं खरं नाही.

१४ सप्टेंबरला वर्ल्ड सीरिज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, रद्द झाल्याचं जाहीर झालं. १९०४ नंतर प्रथमच. संप एकूण २३२ दिवस चालला आणि ३१ मार्च १९९५ ला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिल्यावर मिटला. जुन्या अटी परत लागू झाल्या, आणि त्यांत लवादही आला. म्हणजे माँट्रियलच्या चार मोठ्या खेळाडूंचे पगार वाढणार हे नक्की.

मग एप्रिलचे ते चार दिवस. ५ तारखेला हंगामात १६ सामने जिंकलेला पिचर सेंट लुइसला गेला, क्लोजर (सामना संपवायला शेवटी उतरणारा पिचर) न्यूयॉर्कला. ६ तारखेला सेंटर फील्डर थेट प्रतिस्पर्धी अटलांटाला. ८ तारखेला राइट फील्डरने कोलोरॅडोशी करार केला. त्याला संघाने लवादाचा प्रस्तावही दिला नव्हता, त्यामुळे बदल्यात काहीच हाती लागलं नाही. क्लोजरच्या मोबदल्यात मिळाला मायनर लीगमधला एक जण आणि रोख रक्कम. बाजारात दुकान उचलताना मालाचा जो भाव येतो, तो.

मालकमंडळींची बाजू अशी की पैसे खरोखर नव्हते, हंगामाचा जवळपास तिसरा हिस्सा बुडाल्याने खड्डा आणखी खोल गेला होता आणि भागीदार एक दमडी घालायला राजी नव्हते. हे खोटं नाही. पण चौघांनाही एकाच आठवड्यात, सगळ्या लीगला तुमची घाई माहीत असताना, सोडायलाच हवं होतं का? एक वर्ष, निदान जुलैपर्यंत, थांबता आलं असतं. १९९४ मध्ये सरासरी २४ हजार लोक येत होते. परतलेल्या प्रेक्षकाला सगळ्यात आधी दिसलं ते रिकामं आउटफील्ड. संपाला लोकांनी माफ केलं असतं, १९८१ नंतर केलंच होतं. एप्रिलला केलं नाही. १९९५ मध्ये संघ विभागात तळाला गेला.

गेलेल्यांचं काय झालं, हे माँट्रियलवाल्यांना पाठ आहे. १९९५ च्या वर्ल्ड सीरिजचा शेवटचा झेल त्याच सेंटर फील्डरने घेतला, अंगात अटलांटाचा शर्ट. पुढच्या वर्षी मालिकावीर ठरला तो क्लोजर. १९९७ मध्ये राइट फील्डर लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, मॅनेजरच्या मुलाने फ्लोरिडाकडून वर्ल्ड सीरिज जिंकली, आणि पेद्रोला माँट्रियलमध्येच सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. त्या नोव्हेंबरात तोही बॉस्टनला दिला गेला.

न सांगितली जाणारी बाजूही आहे. १९९६ मध्ये हाच कफल्लक संघ ८८ सामने जिंकून शेवटच्या आठवड्यापर्यंत वाइल्ड कार्डच्या (विभाग न जिंकलेल्यांतल्या सर्वोत्तम संघाला मिळणाऱ्या प्लेऑफच्या जागेच्या) शर्यतीत होता, तेव्हा १९९५ मध्ये सगळं संपलं म्हणणं अतिशयोक्ती ठरते. पण त्यानंतर उतारच. २००१ च्या नोव्हेंबरात लीगमधल्या मालकांनी दोन संघ बंद करायचा ठराव केला, पुढच्या वर्षी बाकीच्या २९ संघांनी मिळून माँट्रियल विकत घेतलं. २००३ मध्ये घरचे २२ सामने पोर्टो रिकोतल्या सान हुआनला खेळायला लावले. एवढं करूनही ऑगस्टअखेर ते वाइल्ड कार्डच्या बरोबरीत होते. सप्टेंबरात मायनर लीगमधून जास्तीची माणसं वर आणायची मुभा तेव्हा प्रत्येक संघाला होती. या संघाला खर्चाचं कारण सांगून नाकारली गेली. नाकारणारे अर्थात त्याच शर्यतीतल्या संघांचे मालक होते.

माँट्रियलमधला शेवटचा सामना २९ सप्टेंबर २००४ ला झाला. संघ वॉशिंग्टनला जाणार असल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं होतं. ३१ हजार लोक आले, फ्लोरिडाने ९-१ असं हरवलं. त्या संध्याकाळी मैदानात १९९४ च्या संघासाठी एक फलक उलगडला. १९८१ च्या संपानंतर आघाडीवर असलेल्यांना निदान "विजेते" म्हटलं होतं. या फलकावर तो शब्द लिहिता येत नव्हता. फ्रेंच आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत एवढंच होतं : १९९४, बेसबॉलमधला सर्वोत्तम संघ.