शेजारच्या साइटवर देखरेख (मुंबई)

मुंबईत जुनी बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहत असताना आजूबाजूच्या सोसायटीवाल्यांनी, चाळकऱ्यांनी पाडकाम, खोदाई आणि बांधकाम नीट चाललंय का ते बघत राहणं, तारखेसकट टिपून ठेवणं आणि वेळ आली की महापालिकेला कळवणं, याला शेजाऱ्यांची देखरेख म्हणता येईल. यासाठी कोणी नेमत बिमत नाही, खिडकी असली की पुरे.

खरं काम पहिला घण पडायच्या आधीचं असतं. आपल्या भिंती, बीम, कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी सगळ्याचे फोटो काढून सोसायटीच्या सेक्रेटरीला मेल करून ठेवायचे, म्हणजे तारीख आपोआप पडते, नाहीतर नंतर बिल्डरचा माणूस येऊन "ह्या भेगा जुन्याच आहेत हो" म्हणतो आणि आपल्याकडे बोलायला काही नसतं. जुनी भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहायची, भेग रेघ ओलांडून गेली की वाढली. इंजिनियर लोक भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात, तिला टेल-टेल म्हणतात, पट्टी तडकली म्हणजे भिंत हलतेय. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी स्वयंपाकघराच्या भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा बिस्किटाएवढा ठिपका लावून त्यावर तारीख घातली होती, पायलिंग (पायासाठी जमिनीत खांब घालणं) सुरू झालं आणि तो मधोमध फुटला, आणि महिनाभर फोन न उचलणारा सुपरवायजर तो फोटो बघून जिना चढून वर आला.

साइटवरचा बोर्ड वाचायचा. आयओडी आणि सीसी ही दोन नावं मुंबईकराला तोंडपाठ असतात. आयओडी म्हणजे इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल, नावात नामंजुरी पण कामाला अटींसकट मंजुरी, ही गंमत १८८८ च्या महापालिका कायद्यापासून चालत आलीय. प्रत्यक्ष बांधकाम सुरू करायला सीसी, म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, लागते आणि ती बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने मिळते, आधी प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, मग पुढे. महारेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचे कागद फुकट बघता येतात.

पाडकामात वरून खाली, मजल्यामागून मजला उतरायचं असतं, आणि डेब्रिज स्लॅबवर साठवायचं नसतं कारण त्या वजनाने स्लॅबच खाली येतो. पोकलेन खालच्या कॉलमला भिडलेला दिसला किंवा एखादी भिंत आधाराशिवाय एकटी उभी दिसली तर लगेच फोन करायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने धुळीसाठी नियम काढले, त्यात पाडताना बिल्डिंग वरपासून खालपर्यंत कापडाने झाकायची, सतत पाणी मारायचं, आणि बाहेरून २५ फूट उंच पत्रे, प्लॉट एक एकराहून मोठा असेल तर ३५ फूट.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते खड्ड्याकडे, कारण तो पत्र्यामागे असतो. जून २०१८ मध्ये वडाळ्याला अँटॉप हिलमध्ये शेजारच्या खोदाईत सोसायटीची भिंत आणि पार्किंगमधल्या गाड्या भर पावसात खाली गेल्या. कंपाउंड वॉल कलणं, पेव्हर ब्लॉक बसणं, दार अचानक चौकटीत अडकायला लागणं ही आधीची लक्षणं. उंचावरची भीती वेगळी, फेब्रुवारी २०२३ मध्ये वरळीत चालू बांधकामावरून ब्लॉक पडून खालच्या दोन जणांचा जीव गेला, म्हणून जाळी आहे का आणि क्रेनच्या खालून फुटपाथ चालू ठेवलाय का हे बघायचं.

तक्रार महापालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर किंवा वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने खात्यात करायची, तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. विनापरवानगी काम थांबवायची नोटीस त्याच महापालिका कायद्याच्या कलम ३५४ए खाली निघते. साइटमध्ये घुसायचं नाही, आपल्या गच्चीवरून फोटो पुरतात, वॉचमनशी ओळख असली तर अजूनच बरं. जीवावर बेतणारं दिसत असेल तर वॉर्ड वगैरे नंतर, आधी ११२.

आता एक, जे कोणी धरत नाही. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची इमारत पडून १७ जण गेले, तिथे शेजारी टॉवर नव्हता, तळमजल्यावर आतलं फेरफाराचं काम चालू होतं. समोरच्या साइटचे फोटो रोज ग्रुपवर पडतात, पण खालच्या गाळ्यात ब्रेकर चालू झाला की टाइल फोडतायत का कॉलम, हे विचारायला दोन जिने उतरून कोणी जात नाही.