१६६० साली लंडनमध्ये उघडली ती कोणती रंगभूमी?

इंग्रजी नाटकाचा इतिहास सांगताना शेक्सपिअरनंतर बहुधा एक उडी मारली जाते. २ सप्टेंबर १६४२ रोजी संसदेच्या हुकुमाने नाट्यगृहे बंद झाली आणि १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर ती पुन्हा उघडली, एवढे सांगून पुढे जातात. त्यातला ‘पुन्हा’ हा शब्द मला खटकतो. जे बंद झाले ते कायमचे गेले. उघडले ते दुसरेच होते, आणि त्याची मुळे इटलीत होती.

बंद झाली ती मुख्यतः उघड्या आभाळाखालची रंगभूमी. १५७६ मध्ये जेम्स बर्बेजने शोरडिचला, शहराच्या वेशीबाहेर, लाकडी नाट्यगृह बांधले आणि त्याचे नावही ‘द थिएटर’ एवढेच ठेवले. पुढे जागेच्या भाडेपट्ट्यावरून वाद पेटला, तेव्हा १५९८ च्या डिसेंबरात त्याच्या मुलांनी ती इमारत उकलली आणि त्याच लाकडांतून थेम्सच्या दक्षिण काठावर ‘ग्लोब’ उभे केले. प्रेक्षकांत शिरलेला चौथरा, त्याच्या तिन्ही बाजूंना माणसे आणि वर दुपारचे ऊन. एक पेनी दिली की अंगणात उभे राहून नाटक बघता येई. देखाव्यांचे पडदे नव्हते. रात्र झाली, जंगल आले, वादळ सुटले, हे सगळे नटाच्या तोंडून ऐकायचे. त्या नाटकांतली भाषा इतकी भरगच्च आहे, त्यामागे ही गरजही आहे. बायकांची कामे कोवळ्या वयाची मुले करीत. ब्लॅकफ्रायर्सला मेणबत्त्यांच्या उजेडातले बंदिस्त नाट्यगृह होते, पण रंगवलेले देखावे तिथेही सहसा नसत.

इटलीत मात्र शंभर वर्षे वेगळेच चालले होते. तिथल्या विद्वानांनी रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियसचा ग्रंथ पुन्हा वाचायला घेतला आणि सपाट चित्रात खोली आणि अंतर भासवण्याचे चित्रकारांनी शोधलेले तंत्र रंगमंचावर आणले. वास्तुकार सेर्लिओने १५४५ च्या पुस्तकात शोकांतिका, सुखान्तिका आणि वनातली नाटके यांसाठी तीन देखावे काढून दिले. पॅलाडिओने आखलेले व्हिचेन्झाचे तेआत्रो ओलिंपिको १५८५ मध्ये ‘ईडिपस’च्या प्रयोगाने उघडले. स्कामोझीने त्यात लाकूड आणि गिलाव्याचे, मागे निमुळते होत जाणारे रस्ते बसवले. मोजक्याच फुटांत अख्खे शहर भासवणारे ते रस्ते आजही जागेवर आहेत. पुढे पार्म्यात तेआत्रो फार्नेझेच्या रंगमंचापुढे देखाव्याला चौकटीसारखी बसणारी कायमची कमान आली. व्हेनिसमध्ये १६४० च्या दशकात तोरेल्लीने मंचाखाली चाकांवरच्या गाड्या बसवल्या. एक रहाट फिरवला की दोन्ही बाजूंचे सगळे देखावे एकदम सरकत. मुंबईत ग्रँट रोडवर १८४६ मध्ये जे नाट्यगृह उभे राहिले आणि १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे प्रयोग केले, ते याच कमान-पडद्यांच्या वंशातले.

इटलीत आणखी एक गोष्ट होती. फिरत्या मंडळ्यांतून बायका काम करीत. इसाबेला आंद्रेइनी ही तर नटी, कवयित्री आणि लेखिका म्हणून युरोपभर नावाजलेली होती. स्पेनमध्ये माद्रिदची नाटके इंग्लंडसारखीच उघड्या अंगणात होत, तरी १५८७ पासून तिथे बायकांना मंचावर परवानगी होती. १६०८ मध्ये व्हेनिसला गेलेला इंग्रज प्रवासी टॉमस कोर्याट नट्यांना पाहून चकित झाला, आणि त्या पुरुषांइतकेच सफाईने काम करतात असे त्याने लिहून ठेवले. लंडनला मात्र ते मानवत नव्हते. १६२९ मध्ये एका फ्रेंच मंडळीतल्या बायका ब्लॅकफ्रायर्सला उभ्या राहिल्या, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना हुर्यो करून घालवले.

इटलीचे देखावे लंडनमध्ये होते, पण फक्त राजवाड्यात. वास्तुकार इनिगो जोन्स १६०५ पासून ‘मास्क’साठी, म्हणजे नाचगाण्याच्या दरबारी खेळांसाठी, ते उभारत होता. या दरबारी कलेला गावात आणणारा माणूस म्हणजे नाटककार विल्यम डॅव्हेनंट. १६४० चा शेवटचा मास्क त्याने जोन्सबरोबर केला. नंतर यादवी युद्ध आले. ‘ग्लोब’ पाडले गेले. १६४८ मध्ये तर नटांना भटक्या गुन्हेगारांत जमा केले आणि प्रेक्षकाला पाच शिलिंग दंड ठरला. अशा काळात, १६५६ मध्ये, डॅव्हेनंटने रटलंड हाउस या आपल्या राहत्या घरात ‘द सीज ऑफ ऱ्होड्स’ केले. नाटकाला बंदी होती, गाण्याला नव्हती; म्हणून सगळे संवाद गायचे. मागे देखावे जोन्सच्या शिष्याचे, आणि नायिकेच्या भूमिकेत मिसेस कोलमन, म्हणजे एक बाई. नवी रंगभूमी जन्मली ती या लहानशा मंचावर, बंदी चालू असतानाच, असे मी मानतो.

ऑगस्ट १६६० मध्ये राजाने नाटकाचा मक्ता दोघांनाच दिला: परदेशात निर्वासित जीवन काढून आलेला टॉमस किलिग्रू आणि डॅव्हेनंट. दोघांनीही टेनिसची बंदिस्त मैदाने नाट्यगृहासाठी घेतली. ८ डिसेंबर १६६० रोजी किलिग्रूच्या मंडळीच्या ‘ऑथेल्लो’त डेस्डिमोना म्हणून बाई उभी राहिली आणि हे आधी सांगण्यासाठी खास प्रास्ताविक लिहून घेतले गेले. १६६२ च्या सनदेने बायकांची कामे बायकांनीच करावीत असे ठरवले. त्याच सुमारास एडवर्ड किनास्टन हा तरुण स्त्रीभूमिका करीत होता. रोजनिशीकार पीप्सने त्याला १६६० च्या ऑगस्टात पाहिले आणि इतकी सुंदर स्त्री आपण आयुष्यात पाहिली नाही असे लिहिले. बालगंधर्वांच्या आठवणी घरात ऐकत वाढलेल्या माणसाला त्या नोंदीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. किनास्टन पुढे पुरुषभूमिकांत स्थिरावला आणि त्यांतही नाव मिळवले. १६७० पासून अ‍ॅफ्रा बेनची नाटके मंचावर येऊ लागली. नाटके लिहून पोट भरणारी ती इंग्लंडमधली पहिली स्त्री.

या सगळ्याची किंमत मोजली ती पेनीवाल्या प्रेक्षकाने. नव्या नाट्यगृहात सगळ्यात वरच्या सज्ज्यातली स्वस्त जागासुद्धा एक शिलिंगाची, म्हणजे बारा पेन्यांची. ज्या पिटात पूर्वी लोक उभे राहत, तिथे आता बाके आली आणि दर झाला अडीच शिलिंग. (आपल्याकडे ‘पिटातला प्रेक्षक’ म्हणजे स्वस्तातला, तिथे तो आता शौकीन श्रीमंत झाला.) समोर दरबारी मंडळी बसली, म्हणून लेखणीही त्यांच्याच घरांतल्या लग्नांकडे, लफड्यांकडे आणि जहागिरींकडे वळली. अंगणात उभे राहणारे शिकाऊ कामगार आणि हमाल या हिशेबातून सुटले. शेक्सपिअरच्या काळात लंडन अनेक नाट्यगृहे एकाच वेळी पोसत होते. १६८२ मध्ये दोन मंडळ्यांनाही पुरेसा प्रेक्षक मिळेना, आणि त्या एकत्र झाल्या.