दारू सोडायचं कारण त्याच्याच तोंडून: मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पार्श्वभूमी

1982 साली विल्यम मिलर हे अमेरिकन सायकॉलॉजिस्ट नॉर्वेतल्या बर्गनला गेले होते, तिथल्या तरुण सायकॉलॉजिस्ट मंडळींनी त्यांना पेशंटशी कसं बोलता ते रोल-प्ले करून दाखवा म्हटलं आणि मध्येच थांबवून विचारायला लागले, की हाच प्रश्न का, तो एवढं बोलला त्यातलं हेच का उचललं. उत्तरं देता देता मिलरना कळलं की आपण नकळत एक पद्धत वापरतोय. ती म्हणजेच मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, दारू सोडायची कारणं आपण न सांगता पिणाऱ्याच्याच तोंडून येतील असं बोलणं. ती लिहून काढली, 1983 मध्ये पेपर छापून आला.

त्या काळात अमेरिकेत व्यसनी माणसाला धारेवर धरायचीच रीत होती, त्याने नाही म्हटलं की तो 'डिनायल'मध्ये आहे, म्हणजे खरं मान्यच करत नाही म्हणायचं. पण मिलरच्याच 1980 च्या अभ्यासात दिसलं होतं की ट्रेनिंग सगळ्या थेरपिस्टना सारखंच, तरी जे जास्त समजून ऐकून घेतात त्यांच्या पेशंटचं पिणं जास्त कमी होतं. मुळात हे ऐकणं कार्ल रॉजर्स या अमेरिकन सायकॉलॉजिस्टकडून आलेलं, फक्त मिलर पेशंटच्या बोलण्यातलं काय उचलायचं ते निवडत होते, सोडण्याच्या बाजूचं तेवढं.

म्हणजे बघा, एखादा म्हणतो, "पोरीच्या बर्थडेला पण मी शुद्धीत नव्हतो, पण कामाचं टेन्शन असतं ना." आपण लगेच टेन्शनवर लेक्चर देतो, मग तो पिण्याचीच बाजू लढवत बसतो आणि बोलता बोलता स्वतःलाच ती पटवतो. या पद्धतीत ऐकणारा एवढंच म्हणतो, "बर्थडेचं लागून राहिलंय तुम्हाला." आणि गप्प बसतो. पुढचं तो स्वतःच बोलतो, आणि मला वाटतं सगळी ताकद त्या गप्प बसण्यात आहे, आपल्याला तेच जमत नाही.

पुढे 1989 मध्ये सिडनीत मिलरना वेल्समध्ये काम करणारे सायकॉलॉजिस्ट स्टीफन रॉलनिक भेटले, 1991 मध्ये दोघांचं पुस्तक आलं.

आपल्याकडे गोव्यात 10 सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये जास्त पिणाऱ्या 377 पुरुषांवर याच धाटणीच्या काउन्सेलिंगची ट्रायल झाली, जास्तीत जास्त चार सेशन, आणि बोलणारे डॉक्टर नव्हे तर ट्रेनिंग दिलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी बघितलं तर आधीच्या 14 दिवसांत अजिबात न प्यायलेले काउन्सेलिंग घेतलेल्यांत 42 टक्के निघाले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 18 टक्के. मात्र जे पीतच राहिले त्यांचं रोजचं पिणं दुसऱ्या गटापेक्षा कमी झालेलं दिसलं नाही.